मुका मध्यम व माझी इतर मालमत्ता

मी, दादाजी वारलू मोहुर्ले, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार मौजा आवळबोडी, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे, चष्मा नवा आहे, कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. मात्र मी चिडलेला आहे. गेले बावीस दिवस चिडलेलाच आहे. त्यावरून उद्या कोणी माझ्या बुद्धीवर शंका घेतली, तर चिडल्यावर हा माणूस जास्त मुद्द्याचं बोलतो, अशी साक्ष माझ्या पत्नीने द्यावी.

पत्नी सौ. प्रेमिला हिने आत्ताच कागद पाहून विचारले, "आवो, तुमी मरून राह्यले का चिडून राह्यले? एक काय ते ठरवा ना."

दोन्हीची तजवीज एकाच कागदात करीत आहे.

कलम १. राहते कौलारू घर, परसातल्या आवळ्याच्या दोन झाडांसह, प्रेमिलाच्या हयातीत तिचे. तिच्यानंतर मुलगा धनराज याचे. धनराज ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला आहे व तेथेच क्वार्टरमध्ये राहतो. त्याने घरावर टिनाचे पत्रे टाकू नयेत. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मनातली कविता ऐकू येत नाही. तो टाकेलच, हे मला ठाऊक आहे. पण लिहून ठेवतो.

कलम २. तळ्याखालची धानाची बांधी धनराजची. बँकेत जे काही असेल ते प्रेमिलाचे. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. पलंगाखालच्या लोखंडी पेटाऱ्यात पहिली ते सातवीची जुनी मराठी पाठ्यपुस्तके आहेत. त्यांतल्या कवितांची पाने माझी नात आचल हिला द्यावीत. गद्य धडे ज्याला हवे त्याने न्यावेत. ते मी शिकवतानासुद्धा घाईने उरकत असे. माझे खरे आयुष्य सकाळी साडेदहा ते अकरा एवढेच होते. त्या वेळी चौथीच्या वर्गात खिडकीतून मोहाच्या झाडाची सावली पाटीवर पडायची आणि चाळीस पोरे एका सुरात नदीची कविता म्हणायची. बाकीचा दिवस हजेरी, खिचडी आणि जनगणना.

कलम ४. आता मुख्य वस्तू. शाळेची हार्मोनियम, जिला आम्ही पेटी म्हणतो, ती १९७८ साली आली. पुढल्या पावसाळ्यानंतर तिच्या मधल्या सप्तकातला मध्यम, म्हणजे सा रे ग म मधला म, मुका झाला. पट्टी दाबली की नुसती फुस्स हवा. पेटी उघडावी असे मनात आले होते. परंतु ती सरकारी वस्तू, नोंदवहीत चढवलेली. परवानगीशिवाय स्क्रू फिरवला तर जबाब कोण देणार? मी दुरुस्तीसाठी तीन अर्ज केले. उत्तर आले नाही. षड्ज, म्हणजे सा, दुसऱ्या पट्टीवर हलवून पाहिला, तर मुक्या पट्टीवर कधी ग आला, कधी प आला. त्यांच्यावाचून चालेना. मध्यमावाचून चालले. मी कवितांना चाली लावल्या त्या ग वरून थेट प वर उडी मारणाऱ्या, जशी बाई साडी सावरून ओहोळ ओलांडते. लोक म्हणत, गुरुजींच्या चाली वेगळ्याच गोड. मलाही तसेच वाटू लागले.

निवृत्त झालो त्या वर्षी पेटी मोडीत निघाली व मी ती लिलावात घेतली. आता ती माझी होती. तरी उघडली नाही. इतक्या वर्षांत तो सूर मला आठवेनासाच झाला होता. आठवत नाही त्याची उणीव कशी भासणार?

कलम ५. आचल, वय वर्षे एकोणीस, धनराजची मुलगी. कॉलेजचे निमित्त करून दहावीनंतर आमच्याकडे राहिली आणि याच पेटीवर माझ्याकडे गाणे शिकली. झाडीपट्टीच्या नाटकात गायचे, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरायचे, रात्रभर जागणाऱ्या हजारभर माणसांपुढे पद म्हणायचे, एवढे एकच तिच्या मनात. तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला वडशाच्या एका नाटक कंपनीत परीक्षेला घेऊन गेलो. तेथला ऑर्गन मास्तर भूपेश माझाच विद्यार्थी निघाला. पाया पडला. मला वाटले, झालेच काम.

आचलने पद सुरू केले. भूपेशने डोळे मिटले. मग डोळे उघडून हात उचलला आणि ऑर्गनवर एक पट्टी दाबली. "बाई, हा एवढा सूर लाव." आचलने ग लावला. त्याने पुन्हा दाबली. तिने प लावला. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

"पोरीचा आवाज लय साजरा हाये," भूपेश म्हणाला, "पण यंदा नाई जमत."

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्याला धरले. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "गुरुजी, आपल्या शाळेतल्या कोनालेच मध्यम येत नाई जी. मले बी तीन साल लागले गळ्यात बसवाले."

"मंग वीस वर्सांत मले सांगतलं काऊन नाई?"

"गुरुजीले कोन सांगन?"

हे वाक्य मी बावीस दिवस चघळत आहे. गुरुजीले कोन सांगन! नमस्कार सगळ्यांनी केला, शाल-श्रीफळ दिले, निरोपाच्या समारंभात रडले, आणि एकाही गाढवाने सांगितले नाही की तुमचा एक सूर कमी आहे. सुतक पाळावे तसा पाळलेला असला आदर मला नको होता.

परतीच्या बसमध्ये आचल एवढेच बोलली, "आबाजी, माहाच गळा बरोबर नाई. तुमी काऊन तोंड पाडता?" त्या दिवसापासून ती गायलेली नाही. भांडी घासतानाही नाही. ऊर्जानगरला बापाकडे जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करायचे म्हणते, कपड्यांची बॅगही भरून झाली आहे. धनराज फोनवर म्हणाला, "बरंच झालं बाबा." त्याला बरे वाटले, याचा राग मी कलम १ मध्ये पत्र्यांवर काढला आहे.

कलम ६. शेजारी गुणवंतराव, निवृत्त लिपिक, आचलचा निकाल कळताच मयतीला यावे तसे येऊन बसले आणि म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, नशिबात असन तर भेटन." सलग पाच दिवस आले. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. तेच या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो, हे त्यांना सांगून ठेवले आहे.

कलम ७. परवा वरोऱ्याचे जलालुद्दीन, पेट्या दुरुस्त करणारे कारागीर, यांना बोलावले. त्यांनी चार स्क्रू काढले, आत चिमटा घातला आणि सुपारीएवढा मातीचा गोळा माझ्या तळहातावर ठेवला. कुंभारमाशीचे घर. सुराच्या पितळी पातीवर बांधलेले, आत कोणी नाही.

"दस मिनट का काम, गुरुजी," ते म्हणाले. "इतके साल काय करून राह्यले होते?"

अर्ज करून राह्यलो होतो, असे मी सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

तरी माझ्या इच्छेप्रमाणे ही पेटी, आता सगळे सूर वाजतात अशी, आचलला द्यावी. आणि पेटीबरोबर पुढील कबुली तिला वाचून दाखवावी: आचल, तुझ्या गळ्यात दोष नाही. दोष पेटीत होता, आणि त्याहून जास्त ती न उघडणाऱ्या माणसात होता. हजारो वह्यांत दुसऱ्यांच्या चुकांवर लाल फुली मारली, ही एक माझ्यावर मारीत आहे. तू नापास झालेली नाहीस. मी झालो आहे, तुझ्या नावावर.

कलम ८, साक्षीदारांसमक्ष वाढवलेले. सही करण्यासाठी गुणवंतराव व दुसरे साक्षीदार जलालुद्दीन ओसरीवर येऊन बसले असता प्रेमिलाने कलम सातवे वाचले आणि कागद माझ्या पुढ्यात आपटला. "हे पोरीले तुमी मेल्यावर कळन? कंपनीच्या तालमी दसऱ्यापासून हायेत. तुमच्या तेरवीले गाऊन काय भेटन तिले? आत्ता वाचा."

मी म्हणालो, मृत्युपत्र जिवंतपणी वाचायचे नसते. जलालुद्दीन म्हणाले, असा काही कायदा नाही. गुणवंतराव गप्प राहिले, प्रथमच.

आचलला बोलावले. वाचले. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मला वाटले, आता रडेल, किंवा पाया पडेल, आणि पाया पडली असती तर मी खरोखरच आजच गेलो असतो.

ती म्हणाली, "म्हंजे आबाजी, तो सूर तुमालेच येत नाई?"

"नाई."

ती पेटीपाशी बसली, भाता उघडला, मध्यम दाबून धरला. "म्हना."

मी म्हटला.

"चुकलं."

चौऱ्याहत्तर वर्षांत हा शब्द मला कोणी म्हटला नव्हता. मी पुन्हा म्हटला.

"वर गेला. प होऊन राह्यला तुमचा. ऐका आधी." आणि ऐकवण्यासाठी तिने स्वतः तो सूर लावला. पहिल्यांदा हलला. दुसऱ्यांदा पेटीला चिकटला. तिलाच पत्ता नव्हता की बावीस दिवसांनी आपण गात आहोत, आणि मी तसे बोललो नाही. मास्तरने कोठे गप्प बसावे एवढे मला अजून कळते.

"आता तुमी. परत."

सबब कलम सातवे रद्द समजावे. पेटी मी आजच, हयातीत, देऊन टाकली आहे. भूपेशला फोन करून दसऱ्याआधी पुन्हा ऐकण्याची विनंती केली. तो "घेऊन या जी" म्हणाला. तिला घेतील की नाही, हे मला ठाऊक नाही. मात्र माझ्या पश्चात तिच्या गाण्यात काही चुकले, तर ऐकणाराने आदर वगैरे बाजूला ठेवून तोंडावर सांगावे, ही माझी शेवटची इच्छा सर्व वारसांवर बंधनकारक आहे. सही उरकून घेत आहे, कारण ती पेटीपाशी बसून हाक मारत आहे, आणि माझा मध्यम अजून बरोबर लागलेला नाही.

ठिकाण: आवळबोडी
दिनांक: २६ सप्टेंबर २०२४, गुरुवार, दुपारी

लिहून देणार: दादाजी वारलू मोहुर्ले (सही)

वरील सही आमच्यासमोर झाली:
१. जलालुद्दीन, पेटी कारागीर, वरोरा (सही)
२. गुणवंतराव, निवृत्त लिपिक, आवळबोडी (सही)