वळण न घेणारं स्ट्रेचर

नाशिक रोड,
ता. १३ मे १९७९

ति. मालनआक्कास,
धाकट्या कोंडाजीचा सविनय जयभीम, वि. वि.

स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे : सायकलच्या जुन्या पाइपांचं दुमडतं स्ट्रेचर, बिजागऱ्या सहा, ताडपत्रीची पाठपिशवी, टाके चारशे बारा, मोडलेल्या हातापायाला बांधायच्या सागाच्या पट्ट्या, दोन जोड, कडा घासून गोल केलेल्या, लेथवर कातलेली पितळी शिट्टी. दोर तेवढा विकतचा आहे, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास नाही. कॉलनीतल्या कडुनिंबाला तो टांगून, कमरेला बांधून मी स्वतः अर्धा तास लोंबकळलो. सुमननं खालून विचारलं की उतरणार आहात, की भाकरी वरच पाठवू.

हे सगळं कशाला, असं तू विचारशील. डोंगरात कोणी पडलं, हरवलं, तर त्याला शोधून खाली आणायला इथं आम्हा हौशी लोकांचं पथक झालं आहे. प्रमुख खंडेराव, चित्रकलेचे मास्तर. त्यांचा नियम असा, की एखाद्या वस्तूनं खऱ्या कामात माणूस खाली आणला तरच ती पथकाच्या कपाटात जाणार. माझं स्ट्रेचर त्या कपाटात गेलंच पाहिजे, आक्का. कारखान्यातले डिप्लोमावाले माझ्याकडून मशीन दुरुस्त करून घेतात आणि सही स्वतःची करतात. निदान या एका वस्तूवर माझं नाव राहू दे.

स्टोव्ह, पाने, सुटे नटबोल्ट असं सगळं पिशवीत भरून ती किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली. तेवीस किलो झाली. खंडेरावांची मर्यादा चौदा. काटा सदोष असावा.

दाजींना जयभीम. लोभ आहे तेवढा राहू दे, उपदेश कमी केलास तरी चालेल.

तुझा,
कोंडाजी

*

सायखेडा,
ता. २२ मे १९७९

चि. कोंडूस,
मालनआक्काचा जयभीम व आशीर्वाद.

टाके मोजणारा माणूस आपल्या घराण्यात तू पहिलाच. आपले वडील तर आम्हा पोरांनाही मोजत नसत. काटा ठीक आहे, सदोष तू आहेस.

एकोणसत्तरच्या पुरात गोदावरी दारात आली, तेव्हा तुझ्या दाजींनी घरातून पहिलं काय उचललं? भिंतीवरचं घड्याळ. तेही बंद पडलेलं. सासूबाई, पीठ आणि काडेपेटी मी उचलली. सामान बांधताना पुरुषमाणसाला आवडतं काय ते सुचतं, लागतं काय ते सुचत नाही. तेव्हा स्टोव्ह काढ, पाने काढ, सुटे नटबोल्ट काढ. डोंगरात तू वर्कशॉप उघडायला चालला नाहीस.

स्ट्रेचर कुठं चालवून बघितलंस का? आणि सत्तेचाळीसाव्या वर्षी जरा जपून. तुला शोधायला दुसरं पथक निघायला नको.

सुमनला आशीर्वाद. माझी माया आहे तशीच आहे, तुझी अक्कल वाढली की कळव.

तुझी,
आक्का

*

नाशिक रोड,
ता. १९ जुलै १९७९

ति. आक्कास,
कोंडाजीचा जयभीम, वि. वि.

पिशवी चौदा किलोंवर आणली. काय काय काढलं ते विचारू नकोस, अजून वाईट वाटतं.

रविवारी हरसूलकडून निरोप आला. पुतळाबाई नावाची साठीची बाई रानभाजीला गेली आणि घळीत घसरली. नडगी मोडली. तिच्याच वाडीतले सोमा आणि पुंजा आम्हाला घेऊन गेले. पाऊस असा की शिट्टी वाजवली तर आतून पाणी आलं. मी सागाच्या पट्ट्या बांधल्या. खंडेराव म्हणाले, बांधणी उत्तम. हे तुला मुद्दाम कळवतो, कारण पुढं चांगलं काही नाही.

स्ट्रेचर उघडलं. पुतळाबाईनं ते वरून खालून न्याहाळलं आणि विचारलं, की मी अजून बोलतेय, तरी मला तिरडीवर का घालता? कशीबशी समजूत घालून उचलली. वीस पावलांवर वळण आलं. वाट वीतभर, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. साडेसात फुटांचं माझं स्ट्रेचर वळेना. मागच्या टोकाला मी होतो आणि माझा एक पाय हवेत होता. आक्का, मी ते कॉलनीच्या बोळात दोनदा चालवून बघितलं होतं. आमच्या बोळाला वळण नाही.

बाईला खाली ठेवली. सोमा म्हणाला, भाऊ, हा पलंग राहू द्या इथंच, परतीला तुम्हाला झोपायला होईल. मग त्यानं आणि पुंजानं बांबू तोडला, त्याला घोंगडी बांधली, झाली डोली; एकच बांबू खांद्यावर, वळणावर खांदा फिरवला की तीही फिरते. त्यांच्याकडं आजारी माणूस असाच नेतात. पण घोंगडी खाली झोळली, मोडका पाय वाकला आणि बाई किंचाळली. तेव्हा मी स्ट्रेचरची पायाकडची फळी काढली आणि डोलीत तिच्या पायाखाली घातली. पाना तुझ्या सांगण्यावरून घरी होता, त्यामुळं बोल्ट दगडानं तोडावे लागले. याची नोंद घ्यावी.

तीन तासांत सडकेला आलो. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला. स्ट्रेचर अजून त्या वळणावर आहे. कपाटाचं नाव काढू नकोस.

रागावली नसशील तर लोभ ठेव, रागावली असशील तर दाजींना ठेवायला सांग.

तुझा,
कोंडाजी

*

सायखेडा,
ता. २८ जुलै १९७९

चि. कोंडूस,
अनेक आशीर्वाद.

बाई खाली आली ना? मग रडगाणं कसलं? डोली त्यांची, फळी तुझी, दोन्हींवाचून तिचा पाय गेला असता. त्या सोमाला घरी बोलाव, जेवायला घाल आणि विचार. विचारणं तुला लहानपणापासून जमत नाही. सातवीचं गणित गेलं ते तेवढ्यासाठीच. मी शेजारच्याच खोलीत होते, एकदाही विचारलं नाहीस.

पान्याची नोंद घेतली.

सगळ्यांना जीव लावून असणारी,
आक्का

*

नाशिक रोड,
ता. ११ नोव्हेंबर १९७९

ति. आक्कास,
कोंडाजीचा जयभीम, वि. वि.

सोमाला बोलावलं. येताना वळणावरचं स्ट्रेचर खांद्यावर घेऊन आला, दोन दिवस राहिला. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या सगळ्या बिजागऱ्या मोडीत काढल्या. लोखंडी पाइप खांद्याला चावतो, बांबूच हवा, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आठ फुटांचा बांबू बसमध्ये कंडक्टर घेणार नाही. मग बांबूचे दोन तुकडे केले, मध्ये माझी पाइपाची जोडणी, खाली ताडपत्रीची झोळी, पायाला फळी. वजन साडेसहा किलो. माझ्या घरात बसून मला नापास करणारा तुझ्यानंतर हाच.

गेल्या महिन्यात घोटीकडं एक गवतकाप्या कड्यावरून पडला. त्याला याच डोलीतून अकरा वळणांवरून खाली आणलं. खंडेरावांनी ती कपाटात ठेवली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं : सोमा-कोंडाजी डोली. माझं नाव दुसरं आहे. तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही, चौथ्या दिवशी लागलं.

त्यानंतर मुंबईचे एक गृहस्थ आले. दवाखान्याच्या खाटा बनवतात. डोलीचं डिझाइन विकत मागितलं. प्रत्येक डोलीवर पितळी पट्टी लावणार, तिच्यावर नाव फक्त माझं. खोटं कशाला बोलू, त्यांनी नमुन्याची पट्टी दाखवली तेव्हा मी ती खिशात टाकायचा बाकी होतो. मी म्हटलं, सोमाचं नाव आधी घाला, माझं मागून. ते म्हणाले, डोंगरातल्या आदिवासी माणसाचं नाव बघून दवाखानेवाले माल घेणार नाहीत. मी त्यांना चहा दिला आणि स्टेशनचा रस्ता दाखवला. आपल्या बापाच्या कामावर आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पडली, तेव्हा कारणं हीच सांगत होते.

दाजींना जयभीम. माया पातळ करू नकोस.

तुझा,
कोंडाजी

ता. क. : नाकारलेली रक्कम पाच हजार रुपये, रोख. सुमनला मी पाचशे सांगितली आहे, तूही पाचशेच म्हण.