तळ्याचा थेट आवाज

४ एप्रिल

ति. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हो, जेवतोय वेळेवर. काम मिळालंय, आणि ते वाचून तू हसणार आहेस. एका बंद पडलेल्या गिरणीत ध्वनिप्रयोग आहे. लोकांनी चटयांवर डोळे मिटून पडायचं आणि मागच्या तळ्याचा आवाज ऐकायचा. रेकॉर्डिंग नाही, थेट, त्या क्षणी तिथे जो होत असेल तो. पाण्यात चार माईक, काठावर सहा, गिरणीत चोवीस स्पीकर. सगळी जोडणी माझी.

प्रयोगाचा कर्ता दिवसभर मौनाचं महत्त्व सांगत बडबडतो, म्हणून मी त्याला मौनीबुवा म्हणतो. माणूस डोक्यात जातो. सफरचंद खातखात माईकमध्ये बोलतो आणि त्याचं ते ओलं चावणं चोवीस बाजूंनी माझ्या अंगावर येतं. काल म्हणाला, बेडूक फार कर्कश आहेत, त्यांना थोडं कमी करता येईल का.

पण ते तळं, ताई! ऊन वर आलं की पाणवनस्पतींतून बुडबुडे सुटतात, त्यांची बारीक टिकटिक ऐकू येते. तांदळाच्या दाण्याएवढा एक किडा करवत चालवल्यासारखा आवाज काढतो. मी तासभर हललो नाही. इतकं लक्ष देऊन आजवर कुणाचंच ऐकलेलं नाही मी.

तालमीला आलेल्या पाहुण्यांना मात्र डासांनी फोडून काढलं. बुवा भलताच वैतागला.

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


९ एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

हसले, पोटभर हसले. आईच्या दहा हाकांतली एक तुला ऐकू जायची नाही, आणि आता किड्याची करवत ऐकतोस! हे म्हणाले, डोळे मिटून पडायचीच कला असेल तर मी रोज दुपारी सादर करतो, कुणी तिकीट काढत नाही.

प्रयोगशाळेत माझं तेच चाललंय. पाण्याच्या बाटल्या येतात, मी तपासते, शिक्का मारते. म्हणूनच तुझं डासांचं वाक्य मला खटकलं. तळ्यात कुणी काही ओतणार नाही ना, लक्ष ठेव. आणि त्या पाण्यावर कुणी काही पिकवतं का, तेवढं विचारून कळव.

जपून राहा. पत्र लिहायचा आळस केलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
ताई


१७ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा पहिला प्रयोग होता. सकाळी माईक सुरू केले तर काहीच नाही. तारा तपासल्या, जोडण्या बदलल्या. शेवटी काठावर गेलो. पाण्यावर तेलकट साय धरली होती. बेडूक पांढरी पोटं वर करून फुगले होते, मासे काठाच्या गवतात अडकले होते. तोंडाला रुमाल लावूनही ओकारी आली.

रखवालदार म्हणाला, आदल्या दिवशी बुवानेच माणसं बोलावून फवारणी करून घेतली, पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून.

बुवाला सांगितलं. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, तालमीचं रेकॉर्डिंग आहे ना, ते लाव, कुणाला कळतंय. दारावर ‘थेट’ अशी पाटी होती, ती तशीच ठेवायला सांगितली.

मी लावलं, ताई. आत लोक मेलेल्या बेडकांचा आवाज ऐकत होते आणि रडत होते. एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले, आज आपण निसर्गाच्या कुशीत जाऊन आलो म्हणाल्या. मला माझ्या हातांचीच किळस आली. काल पुन्हा तेच केलं.

सोबत पाण्याची बाटली पाठवतोय. तपासशील? रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा,
धाकटा


१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाटली उघडली आणि शेजारच्या टेबलावरची बाई उठून गेली. डासांवर मारायचंच औषध आहे, पण प्रमाणाच्या कितीतरी पट. अहवाल जोडलाय, एक प्रत तिथल्या आरोग्य खात्याला धाडली आहे.

तुला ओकारी आली, किळस आली, हे सगळं वाचलं. बरं मग? विष त्याने ओतलं, पण बटण कुणी दाबलं? आणि मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर तुझ्या अख्ख्या पत्रात नाही. ते पाणी कोण वापरतं? हे पत्र मिळताच ऊठ आणि विचार.

आशीर्वाद आहेतच, पण आज ते कडू आहेत.

ताई


२४ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कुरिअरने रविवारी दुपारी, प्रयोगाच्या तासभर आधी मिळालं. रखवालदाराला विचारलं. पलीकडच्या भिंतीआड एक म्हातारी भाजी लावते, तळ्यातूनच पाणी घेते. धावत जाऊन तिला गाठलं, पाणी बंद करवलं आणि माझ्याबरोबर गिरणीत यायची विनंती केली.

त्या दिवशी रेकॉर्डिंग लावलं नाही, खरे माईक उघडले. चोवीस स्पीकरांतून नुसती हलकी खरखर. पंधरा मिनिटं लोक तसेच पडून. मग दिवे लागले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! बुवाने छातीवर हात ठेवून मान लववली, हे पृथ्वीचं मौन आहे म्हणाला. माणूस इतका निर्लज्ज असू शकतो?

मी माईक घेतला. हे मौन नाही, तळं मेलंय, म्हणालो. तुझा अहवाल वाचून दाखवला. आधीचे दोन्ही प्रयोग खोटे होते आणि ते मीच वाजवले, हेही सांगितलं. तर कोपऱ्यातून पुन्हा टाळ्या आल्या. त्यांना हासुद्धा प्रयोगाचाच भाग वाटला.

तेव्हा म्हातारी उठली. तिने एवढंच विचारलं की, आठवडाभर याच पाण्याची पालेभाजी मी सुनेला घालतेय, तिला सातवा महिना आहे, आता काय करू? मग कुणी टाळी वाजवली नाही. चपला शोधत एकेक जण निघून गेला. त्या हात धरणाऱ्या बाई आजही आल्या होत्या, त्या तेवढ्या थांबल्या, त्यांच्याच गाडीतून सुनेला दवाखान्यात नेलं.

मूल ठीक आहे. सुनेला दोन दिवस ठेवून घरी सोडलं, दर आठवड्याला तपासणीला यायला सांगितलंय. आरोग्य खात्याने तळ्याला कुंपण घातलं. बुवाने दुसऱ्याच दिवशी गाशा गुंडाळला, माझे फोन उचलत नाही.

म्हातारीचे वाफे उपटून टाकायचेत, ते मी करतोय. आज तिने विचारलं, तुला केव्हा कळलं होतं? पंधरा तारखेला, म्हणालो. तिने बोटांवर दिवस मोजले. सहा झाले. मला वाटलं, हाकलून देईल. तिने रिकामं पोतं माझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाली, मेथी संपली की पालक उपट, आणि माझ्याशी बोलू नकोस.

पालक उद्या संपेल. परवा तिची सून तपासणीला जाणार आहे. मी दाराशी जाऊन उभा राहीन, नेलं तर बरोबर जाईन. लोभ मागायचं तोंड नाही, तू आपणहून ठेवलास तर ठेव.

तुझा,
धाकटा