पाच वीत कापड

४ मार्च, मंगळवार
डोळ्याला डोळा नाही लागला. नवरा म्हणाला, "रविवारी चिमणीला माझ्या आईकडे नेऊन ठेवतो. थेटरात नाही वाढायची माझी पोरगी. नाहीतर सोड ते काम!" चिमणी दीड वर्षाची. अजून माझा पदर मुठीत धरून झोपते. फोनही काढून घेतलाय माझा.

ही कपडेपटातली मापांची वही. इथं तो येत नाही, म्हणून मागच्या पानांवर लिहिते. सातवी शिकलेली मी, चुका झाल्या तर झाल्या!

५ मार्च
मी ज्यांच्याकडे कामाला आहे त्या बाई एकट्याच नाटक करतात. ग्रीक लोकांची फार जुनी गोष्ट. राजा लढाईला गेला तो वीस वर्षं आलाच नाही. राणीशी लग्न करायला टपलेले पुरुष घरात येऊन बसलेत, खातायत पितायत, उठायचं नाव नाही. राणी म्हणते, हे कापड विणून झालं की करते लग्न. दिवसा विणते, रात्री उसवते! राणी बाईच, ते पुरुषही बाईच. नुसती मान वाकडी करतात, की मेला एकेक डुक्कर समोर उभा!

उसवतात मात्र खरोखर. म्हणून मी प्रत्येक प्रयोगाला नवं विणून द्यायचं. जाड लोकर, पाच वीत. पहिल्या दिवशी सवयीनं शेवटाला गाठ मारली, स्वेटरला मारतो तशी. अडकलं की! बाई ओढतायत, सुटेना. विंगेत मला घाम फुटला. नंतर म्हणाल्या, "अगं, टिकेल असं नाही विणायचं. एका झटक्यात सुटायला हवं."

६ मार्च
भीती वाटते. सुया थांबवल्या नाहीत.

७ मार्च, शुक्रवार
बोलले! चहा देताना म्हटलं, "अहो, हातातलं कापड पुरं झालं की सोडते काम. अर्धवट टाकलं तर तुम्हालाच नावं ठेवतील."
"पुरं झालं की नक्की?"
"नक्की."
"बरं. तोवर आईला थांब म्हणतो."
मोरीत गेले, नळ सोडला आणि हसून घेतलं.

११ मार्च
"कुठवर आलं?"
"अर्ध्यावर."

१३ मार्च
"अजून अर्ध्यावरच?"
"बाईंनी उसवलं हो सगळं. परत घातलंय."
यात खोटं काय आहे!

राणीला तीन वर्षं पुरली ही युक्ती. मग दासी फितूर झाली. मला दासी नाही तेच बरं. तीन वर्षं मिळाली तर चिमणी बोलायला लागेल. कुणाकडे राहायचं ते तीच सांगेल.

१५ मार्च, शनिवार
माझ्या लग्नात दादा म्हणाला होता, "नुसता फोन कर, मी निघालोच समज." बाई आज म्हणाल्या, "घे माझा फोन, बोल भावाशी."
नको म्हटलं. माझं मी बघते. अजून हरले नाही.
नंबर तेवढा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. असावा.

१६ मार्च, रविवार
सकाळी म्हणाला, "आज राहू दे चिमणी माझ्याकडे." मला वाटलं, निवळला.

पडदा आत्ताच उघडला. विंगेतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत तो! मांडीवर चिमणी, पायाशी तिच्या कपड्यांची पिशवी. थोड्या वेळात बाई उसवायला घेतील आणि त्याला कळेल, हे कापड कधीच पुरं व्हायचं नाही.

त्याआधी मी खाली जातेय. सगळ्यांच्या देखत उचलणार माझ्या लेकीला. लोकांसमोर तो हात उचलत नाही. उचलतो तो घरी.

वही बाईंच्या आरशापुढे उघडी ठेवलीय. जो कुणी हे वाचेल त्यानं दादाला फोन करा. नंबर पुठ्ठ्यावर आहे. एवढंच सांगा — नीघ.