लंडनला विमान बदलायचं होतं

७ फेब्रुवारी १९७३

सुलभेचं तिकीट आलं. रविवारी पहाटे मुंबईहून निघायचं, लंडनला उतरून दुसरं विमान धरायचं, ते थेट टोरांटोला. मुकुंद तिथं घ्यायला येणार. लग्न करून तो परत गेला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ही सून माझ्यापाशीच. आता जाणार.

लंडनला मध्ये जेमतेम तासाभराची उसंत आहे. एजंटला म्हटलं, "अहो, भुसावळला गाडी बदलायची तरी मी याहून जास्त वेळ हाताशी ठेवते." तो हसला. "बेन, ए तो फॉरेन छे. त्यां बधुं टाइमसर."

मुकुंदानंही लिहिलंय, तिकडे सगळं वेळेवर असतं – पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, ती एकटी लंडनला कुठं राहणार, हेच घ्या.

हे म्हणाले, "तो तिथं राहतो. त्याला जास्त कळतं."

मी तिकीट कपाटात ठेवलं.

९ फेब्रुवारी

सामान बांधलं. गोडा मसाला, मेतकूट, लोकरीचे मोजे. मेतकुटाचा डबा तिनं दोनदा बाहेर काढला, मी दोनदा आत ठेवला. शेवटी दोघींना हसू आलं.

११ फेब्रुवारी, रविवार

सांताक्रूझहून तसेच परत आलो. अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय पडवणार नाही.

सुलभा वाकून नमस्कार करून आत गेली. आम्ही गॅलरीत उभे. विमान समोर दिसत होतं, पण हलेना. काहीतरी बिघाड म्हणाले. पहाट झाली, उजाडलं, तरी तिथंच! सुटलं तेव्हा ऊन चढलं होतं.

मी यांना म्हटलं, "तिचं पुढचं विमान गेलं."

हे घड्याळ बघून जिना उतरायला लागले. 

१२ फेब्रुवारी

सकाळीच मुकुंदाची तार. सुलभा विमानात नव्हती, ताबडतोब कळवा.

आम्ही काय कळवणार? हे तारऑफिसात गेले – विमान उशिरा सुटलं एवढंच कळवून आले. मी देवापुढं बसले, पण म्हणायला काही सुचेना. पोर मुंबईच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

संध्याकाळी तिची तार, लंडनहून. सुखरूप आहे, हॉटेलात ठेवलंय, उद्याच्या विमानानं जाते, त्यांनाही कळवलंय.

 वरणभात केला. हे पोटभर जेवले.

१४ फेब्रुवारी

खाली भाईदासभाईंचं जरीचं दुकान. आमचे फोन तिथंच येतात. दुपारी त्यांचीच हाक आली, "बेन, जल्दी आवो, परदेशथी कॉल छे." पायात चपलाही न घालता धावले. सुलभा पोचली असणार!

फोनवर पंडित होता – मुकुंदाच्याच घरात राहणारा त्याचा मित्र. आवाज मधेच विरत होता. सारखं "काकू, ऐकू येतंय ना?" विचारत होता. येत होतं.

मुकुंद काल दुसऱ्यांदा विमानतळावर निघाला होता. बर्फ पडत होतं. मोटार घसरून मोठ्या ट्रकखाली गेली. शुद्ध नाही.

मी विचारलं, "आणि सुलभा?"

म्हणाला, ती विमानतळावर वाट बघत उभी होती. शेवटी मीच गेलो. तिथूनच तिला हॉस्पिटलात घेऊन आलो. अजून तिचं सामान माझ्या मोटारीतच आहे.

रिसीव्हर कुणी ठेवला आठवत नाही. भाईदासभाईंनी खुर्ची दिली. पाणी दिलं. ते प्यायचं असतं हेही सुचेना.

तिच्या काळजीनं जीव अर्धा झाला होता. मुकुंदाची काळजी मी केलीच नव्हती. तो तर पोचलेलाच होता.

१५ फेब्रुवारी

तसाच आहे.

१७ फेब्रुवारी

सुलभेशी बोलले. रडली नाही. म्हणाली, "आई, ते मला अजून भेटलेच नाहीत. मी त्यांच्याशी बोलते, हात धरते. ऐकू येत असेल का?"

येतं म्हणून सांगितलं.

१९ फेब्रुवारी

मुकुंद गेला.

२३ फेब्रुवारी

तिकडे दहन विजेवर करतात. बटण सुलभेनं दाबलं. पंडितनं सांगितलं.

हे आज पहिल्यांदा बोलले – "तू म्हणाली होतीस, वेळ कमी आहे." एवढंच. खोलीत निघून गेले. मला ते खरं ठरायला नको होतं हो.

२७ फेब्रुवारी

नणंद, प्रमिलावन्सं, नाशिकहून आल्यात. माणसं भेटायला येतात, त्यांच्यादेखत म्हणाल्या, "वेळेवर पोचली असती तर माझा भाचा आज जिता असता. पायगुणच तसला."  मी पदर तोंडाला लावून बसले होते.

जिभेवर आलं होतं – विमान काय तिनं थांबवलं होतं? पण तो एक दिवस माझ्याही डोक्यातून जात नाही. ती त्याच दिवशी पोचती तर मुकुंद दुसऱ्यांदा कशाला निघता? तिचा दोष नाही. माहीत आहे. तरी मन तिथंच जाऊन आपटतं.

५ मार्च

सुलभेचे वडील धुळ्याहून आले. बैठकीत सगळ्यांचं ठरलं – तिनं अस्थी घेऊन परत यावं, नाशिकला विसर्जन करावं, मग तिचं बघू. वडील म्हणाले, धुळ्याला नेतो. हे म्हणाले, आमची सून, इथंच राहील. वन्सं म्हणाल्या, राहू दे, पण सणावारी पुढंपुढं नको.

मी उठून आत आले. तिची गादी काढून गच्चीत उन्हात टाकली. कुणी काही म्हणो, मला ती इथं हवी आहे. मुकुंद परदेशी गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं होतं कोण?

९ मार्च

तिची खोली झाडली. आरशावर तिची टिकली चिकटलेली. काढली नाही.

१४ मार्च

सुलभेचा फोन. ती येत नाही. अस्थी पंडितबरोबर पाठवते आहे. मुकुंदाला ठेवलं होतं त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय. "आई, तिकडे मी नुसती बसून राहीन. इथं निदान सकाळी उठून कुठंतरी जाते."  मग – "घरी काय सांगाल?"

वर सगळे वाट बघत होते. मी जिना चढून गेले आणि सांगितलं – मीच तिला येऊ नकोस म्हणाले.