गॅस्केट कच्चं म्हणे

अप्पा, तुमची गाडी विकायला काढली आहे. मी चार दिवस झाले हुबळीत आलोय. त्याआधी फोंड्यात होतो, त्याआधी कोल्हापुरात एका टूरवाल्याच्या गाड्या चालवत होतो, मधे कुठं कुठं ते जाऊ द्या. घर भाड्यानं दिलेलं, म्हणून लॉजवर उतरलो. रजिस्टरात नाव लिहिताना मॅनेजरनं विचारलं, "येल्लिंद बंद्री?" कुठून आलात. आपल्याच गावात हे विचारलं की माणसानं काय सांगायचं? मी फोंडा म्हणालो. इतकी वर्षं गाडी गोकुळ रोडवर अण्णांच्या शेडमधे होती. अण्णा तेच, तुमचे मिस्त्री. आता खाली वाकत नाहीत, खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून काय ते सांगतात. दर आठवड्याला गाडी सुरू करायचे, पासिंगसुद्धा त्यांनीच करून घेतलं. मला म्हणाले, "तू येत नाहीस, खरं गाडी वाट बघती बघ." मी हसलो. दुसरं काय करणार.

आज सकाळी शेडवर गिऱ्हाईक आलं. धारवाडचे मास्तर, रिटायर झालेले, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "या गाडीला नेहमी काय काय लागतं, आणि खर्च किती?" आणि मी सुरू झालो की. पुढचे बुश खड्ड्यांनी जातात, दोन-अडीच हजार. मागच्या डाव्या दाराची काच वर येताना अडते, तिला बोटानं आधार द्यायचा, मोटर बदलू नका, फुकट जाते. क्लच गेला तर दहा-बारा हजार, खरं नीट चालवणाऱ्याचा जात नाही. बाकी इंजिन म्हणजे बैल. हे सगळं तोंडातून सरसर आलं तेव्हा कळलं, हे माझं बोलणं नव्हेच, तुमचं. कोप्पीकर रोडवरचं आपलं भांड्यांचं दुकान. तुम्ही गल्ल्यावर बसलाय, समोर एक बाई कुकरचं झाकण लावून बघतेय, आणि तिचा नवरा तुम्हाला विचारतोय की ह्या कंपनीची गाडी घ्यावी का. बाईंचा कुकर बाजूला राहतो आणि तुम्ही त्याला सायलेन्सर कुठं गंजतो ते सांगताय. खोटं एक अक्षर नाही. "भांड्याचं एक वेळ खोटं बोलीन, गाडीचं नाही, गाडीत माणसं बसतात," असं तुम्ही म्हणायचा. लोक कुकर न घेता जायचे आणि गाडी मात्र तुमच्या शब्दावर घ्यायचे. आई चिडायची, म्हणायची, त्या कंपनीनं तुम्हाला पगार तरी द्यावा.

तर मास्तर माझं सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "इंजिन बैल म्हणतोस, आणि तुझ्या वडलांनी तर मला दुकानात सांगितलं होतं, ह्या कंपनीचं हेड गॅस्केट कच्चं असतं, इंजिन जरा तापलं की जातं, घेऊ नका. त्यांच्या शब्दावर मी तेव्हा दुसरी घेतली. ती वर्कशॉपातच जास्त असायची, ते वेगळं." अण्णा खुर्चीतून माझ्याकडं बघायला लागले.

तो दिवस. मी एकोणीसचा. शाळा दहावीतच सुटलेली, कामधंदा नाही, गाडी घेऊन धारवाडला उगीच गेलो होतो, उगीचच परत येत होतो. भर दुपार. अमरगोळच्या अलीकडं इंजिन तापल्याचा काटा लालपाशी गेला. मी दुकानात फोन लावला, "अप्पा, काटा वर गेला, काय करू?" तुमच्याकडं गिऱ्हाइकांचा कलकलाट. तुम्ही म्हणालात, "हाक की! मग फोन कर." बास. फोन बंद. घरात तुम्ही मराठी बोलायचा, खरं गाडीचं सगळं कन्नडात, अण्णांकडून शिकल्यामुळं. तुमचं हाक म्हणजे ओत. नीर हाक, पाणी घाल. डिकीत पाच लिटरचा कॅन कायम भरलेला. आणि मी मराठी हाक धरली, गाडी हाकली. गोकुळ रोडला वळताना पांढरा धूर, आणि शेडच्या दारात इंजिन बंद.

अण्णांनी हेड उतरवलं, वाकडं झालं होतं. लेथवर घासून आणलं, नवं गॅस्केट, वॉटर पंप, पस्तीस हजाराला गेलं. तीन आठवडे तुम्ही बसनं दुकानात जायचा. मी अण्णांना सांगितलं, अप्पांनीच हाक म्हटलं, मी हाकली. आख्खं गॅरेज हसलं. अण्णा म्हणाले, "लेका, तुला मराठीत बोलावं का कन्नडात, बोर्ड लाव की गळ्यात!" तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "चूक माझी. पोराशी मी गाडीचं मराठीत बोलायला पाहिजे होतं." मला एक शब्द बोलला नाहीत. आणि दुकानात कोणी विचारलं, गाडी का दिसत नाही, तर तुम्ही सांगायला लागलात, ह्या कंपनीचं गॅस्केट कच्चं. मी दोन-चारदा मागच्या खोलीतून ऐकलं. पोरानं इंजिन जाळलं, एवढं तुमच्या तोंडून बाहेर गेलं नाही. त्यानंतर गाडीजवळ उभं राहून तुम्ही माझ्याशी शब्द निवडून बोलायचा. पाणी ओत. ऑइल घाल. दार लाव. पाहुण्याशी बोलावं तसं. मला तेव्हा वाटायचं, ओरडा की एकदा, आपल्या त्या भेसळीच्या भाषेत ओरडा. दोन वर्षांत तुम्ही गेलात. तसं माझ्याशी मग कोणीच बोललं नाही. कोल्हापुरात माझ्या मराठीला हसतात. फोंड्यात मला कन्नडवाला म्हणतात.

मास्तर उत्तराची वाट बघत होते. मी म्हणालो, सर, गॅस्केट चांगलं आहे, चूक माझी होती, अप्पांनी मला झाकलं. आणि हाकचा किस्सा सांगितला. मास्तर टाळी देऊन हसले. "म्हणजे दोष कुणाचाच नाही म्हण की! दोन भाषांचा दोष!" अण्णा नाही हसले. खुर्चीतून उठून बॉनेट खाली घेतलं त्यांनी, हळूच. मास्तरांनी गाडी ठरवली, उद्या सकाळी येणार आहेत.

आता हे लॉजवर बसून लिहितोय. माझी शाळा कन्नड, लिहायची मराठी तुमच्या दुकानातल्या पाट्या वाचून आलेली, चुका असतील. पाठवायचं तर कुठं, तो पत्ता कोणाकडं नाही. मास्तरांना मी सगळं खरं सांगितलं असं वाटत होतं, तरी जेवण गेलं नाही. अप्पा, त्या दुपारी फोन ठेवल्यावर मी खाली उतरलो होतो. डिकी उघडली होती, कॅन हातात घेतला होता. इंजिन गार व्हायला अर्धा तास लागला असता. एका जागी अर्धा तास उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. मी कॅन परत ठेवला. हाक म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं होतं.