भाऊबीजेचा पाट

प्रिय वंदू,

यंदा दिवाळीला येऊ का, हे तू आईकरवी विचारलंस. मला फोन करायची हिंमत झाली नसेल. आई मात्र तेव्हापासून आमच्या घराच्या दारातच बसून आहे, गल्लीत रिक्षा वळली की मान वर करते. काल मी करंज्या लाटत होते तर म्हणाली, "धाकली आल्याबिगर दिवाळी वाटतच न्हाई गं." मी लाटत राहिले. तिला अजून काहीच माहीत नाही. कळलं तर ती जगणार नाही, म्हणून मी वर्षभर गप्प आहे. तुमच्या दोघांच्या काळजीपोटी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मागच्या दिवाळीत आपण दोघींनी मिळून चिवडा केला. सोमेश्वर, म्हणजे तुझे दाजी, बियाण्यांच्या कंपनीच्या कामासाठी मंठ्याला चार दिवस राहून नुकतेच आले होते. तू त्यांची बशी भरलीस आणि माझ्याशी बोलता बोलता त्यातले खोबऱ्याचे काप वेचून बाजूला काढलेस. मी म्हणाले, अगं, खोबऱ्यासाठी तर ते जीव टाकतात. तू म्हणालीस, दाढ काढलीय ना, जखम ओली आहे अजून. इतकं सहज म्हणालीस की आपण काय बोलून बसलो ते तुला कळलंही नाही. त्यांची दाढ काढलेली मला ठाऊक नव्हती, वंदू. मी त्यांची बायको आहे.

नरकचतुर्दशीला त्यांच्या पाठीला उटणं लावताना मी विचारलं, दाढ कुठे काढली? पाठ एकदम ताठ झाली. "वंदूनं सांगितलं का?" एवढंच विचारलं त्यांनी. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मंठा नव्हतंच. बदनापूर होतं, तुझी भाड्याची खोली होती, दाताचा दवाखानाही तुझ्याच गल्लीतला. बाहेर आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती, म्हणून मी राहिलेलं उटणं चोळलं आणि पाणी घातलं. पाणी चांगलं कढत होतं. तेवढंच सुख.

पाडव्याला मी त्यांना ओवाळलं, कुंकू लावायचंच विसरले तर आई म्हणाली, कामानं थकली पोरगी. भाऊबीजेला तू ओवाळलंस. त्यांनी तुझ्या ताटात साडी ठेवली, मीच निवडून आणलेली. मग तू माझ्या पाया पडलीस. तेव्हा तुला लाथ मारावीशी वाटली होती, आणि मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्यानंतर तू फिरकली नाहीस. संपलं, असं ते म्हणतात. पण ते बॅग भरायला लागले की मी कुठल्या गावाला ते दोनदा विचारते. फोन वाजला की हातातलं भांडं सुटतं. आता बाजारात आकाशकंदील लागलेत, सगळ्या घरांतून तळणीचा वास येतोय, आणि मी खिडक्या लावून घेते. लोकांची दिवाळी येते, माझ्या अंगावर मागचं वर्ष येतं.

आठवतं का, आपल्याला भाऊ नाही म्हणून आपण गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायचो. ढग असले की तू रडायचीस. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तू बारा वर्षांची होतीस. आई म्हणाली, "भाऊ न्हाई म्हून काय झालं? दाजीला ओवाळ. तेच तुजे भाऊ." मला केवढा आनंद झाला होता! तुला भाऊ मिळाला, मी आपली चंद्रावरच राहिले. तो भाऊ मीच तुला दिला होता गं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ये. भाऊबीजेला ये, ती साडी नेसून ये. मी पाट मांडीन, रांगोळी काढीन. तू आईसमोर त्यांना कुंकू लावायचंस, ओवाळायचंस, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून "भाऊ" म्हणायचंस. मान खाली घालायची नाही, रडायचं नाही. त्यांनाही हे सांगून ठेवलंय; तेव्हाचा त्यांचा चेहरा तू बघायला हवा होता. आई आहे तोवर दर वर्षी हेच करायचं. एका वर्षी जरी चुकलीस तर आईला मी स्वतः सांगेन, मग तिचं जे होईल ते तुझ्या डोक्यावर. आणि आई गेली की तेराव्याला जेवून निघायचंस, त्यानंतर तुला माहेर नाही. चिवडा केलाय. खोबरं भरपूर घातलंय, यंदा वेचत बसू नकोस.

आई आहे तोवर तुझीच,
शालाताई