दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या

३ जून

ती. मामांस,
टाचणीचा सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मामींना मधे घेतलं की त्या निम्मं मनाचं सांगतात. म्हणून पत्र. वाईट बातमी आधी सांगून मोकळी होते. माझी नोकरी गेली. अठरा वर्षं मी मिक्सर, इस्त्र्या आणि पंख्यांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. आता कंपनी पुस्तिका छापतच नाही. साहेबांनी गोड बोलून निरोप दिला, वर फुलंही दिली.

दादाचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्याच्या गोदामात नोंदी ठेवायचं काम आहे, घरातली मागची खोली रिकामी आहे, सामान बांध आणि ये, म्हणाला. ती जागा त्याने एकतीस डिसेंबरपर्यंत माझ्यासाठी अडवून ठेवली आहे. दादाचा जीव आहे माझ्यावर, मला कळतं. पण मामा, एकेचाळिसाव्या वर्षी मी भावाच्या मागच्या खोलीत गेले, तर परत माझी म्हणून खोली होणार नाही. तेव्हा हे सहा महिने माझे.

मी वेबसाइट काढणार आहे. क्लास लावला आहे. तिथले सर म्हणतात, आधी बाजारातली एक गल्ली निवडा. तिथे गिऱ्हाईक हवं, ते पैसे टाकणारं हवं आणि दुकानं कमी हवीत. मग लोक फोनवर काहीबाही शोधतात, तेव्हा नेमके कोणते शब्द लिहितात ते हुडका, आणि त्या शब्दांवर आपली पाटी लावा. कोणता शब्द महिन्याला किती लोक शोधतात, ते दाखवणारं एक साधनही असतं. मी चाळीस विषयांचा तक्ता केला आहे. सध्या वजन कमी करणं पहिल्या नंबरावर आहे. हसा हवं तर, पण मी ठरवलं आहे.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त लागेल.

तुमची
टाचणी

१४ जून

चि. टाचणीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर मामीचं आहे, शब्द माझे. हात आता इतका कापतो की सुईत दोरा जात नाही आणि कागदावर ओळ राहत नाही. म्हणून तर मशीनदुरुस्तीचं दुकान बंद केलं. (कंसातलं माझं. हे नको म्हणत होते, मीच बंद करायला लावलं. मामी.)

नोकरी गेली त्याचं वाईट वाटलं, आणि तू रडत बसली नाहीस त्याचं बरं वाटलं. पण वजन कमी करण्याबद्दल तू काय लिहिणार? जन्मभर काडीसारखी राहिलीस. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तुझी गत आहे. प्रत्येक सुट्टीत तू माझ्या टेबलाखाली बसून शिलाई मशिनी उघडल्यास. दहाव्या वर्षी तुला डोळे मिटून बॉबीन बसवता येत होती. ज्याला मशीन येते, त्याने मशीनची पाटी लावावी.

गर्दी असेल तिथे दुकान टाकू नकोस. माणूस अडून उभा असेल तिथे टाक. चाळीस वर्षं मी एवढंच केलं, आणि तुझी मामी उपाशी राहिली नाही. (राहिले असते तर सांगितलं असतं. मामी.)

खुशाली कळवत जा. आमचे आशीर्वाद न मागता मिळतात, ते घेत जा.

मामा

२० जुलै

ती. मामांस,
टाचणीचा सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. वजन गेलं, तक्त्यातून तरी.

साधनात नुसतं 'शिलाई मशीन' टाकून पाहिलं, तर आकडा डोळे फिरतील एवढा मोठा. पण ते सगळे विकत घ्यायला निघालेले, आणि वाटेत मोठमोठ्या कंपन्या पथारी पसरून बसलेल्या. तिथे मला कोण विचारतो? मात्र घरच्या जुन्या मशीनची दुरुस्ती ही गल्ली लहान आहे, बारमाही आहे आणि जवळजवळ मोकळी आहे. सर म्हणाले, अगदी अशीच हवी. वाचणाऱ्याला पट्टा लागतो, बॉबीनची डबी लागते. सुटे भाग विकणाऱ्याशी बोलून ठेवलं आहे. माझ्या पानावरून त्याच्याकडे मागणी गेली, की त्यातला वाटा मला.

एका महिन्यात तीस लेख लिहिले. 'शटलच्या वेळेची जुळणी', 'धाग्याच्या ताणाचा असमतोल' अशी एकेक नावं दिली आहेत. एकही शब्द चुकीचा नाही, त्याबद्दल तुम्ही निश्चिंत असा. साइटचा पत्ता मात्र घरात कुणालाच सांगणार नाही. दादा उघडणार, वहिनी उघडणार, वहिनीच्या तीन बहिणी उघडणार, की आकडा फुगलाच, आणि फसेन मीच. अनोळखी माणूस आपल्या पायाने आला, तरच तो मोजायचा.

मामींचे कंस आवडले, ते बंद करू नका. माया होती तशीच राहू दे.

तुमची
टाचणी

१२ सप्टेंबर

ती. मामांस,
टाचणीचा सा. न. वि. वि.

सहा आठवड्यांत अकरा माणसं आली. त्यांतली दोन मीच, कारण मधे मी फोन बदलला आणि साइटने मला पुन्हा नवीन माणूस म्हणून मोजलं.

दादाचा काल फोन झाला. त्याने नोकरीचा विषय काढला नाही, फक्त मागच्या खोलीला रंग दिल्याचं सांगितलं. ते जास्त टोचलं. पण मी मागे हटणार नाही. चूक कुठे आहे ते शोधायला बसले आणि सापडलं. मामा, लोक 'धाग्याच्या ताणाचा असमतोल' असं शोधतच नाहीत. माझ्या समोरच्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, मशीनला झालंय काय हे माहीत असतं तर मी ते शोधलंच कशाला असतं? बरोबर आहे तिचं. अठरा वर्षं मी कंपनीच्या तोंडचे शब्द लिहिले. गिऱ्हाईकाच्या तोंडचे मला ठाऊकच नाहीत.

आणि तेव्हा तुमच्या चिठ्ठ्या आठवल्या. मशीन आली की तुम्ही एक चिठ्ठी दोऱ्याने तिच्या चाकाला बांधायचा, आणि गिऱ्हाईक जे बोललं ते जसंच्या तसं तिच्यावर लिहायचा. पहिल्या पगाराच्या तोऱ्यात मी आले, त्या सगळ्या चिठ्ठ्यांची एक देखणी वही केली, प्रत्येक तक्रारीपुढे शुद्ध तांत्रिक नाव लिहिलं आणि चिठ्ठ्या रद्दीत दिल्या. त्या वहीची प्रत काल काढली. 'ताणाचा असमतोल' सहाशे बारा वेळा आहे. सहाशे बारा बायाबाप्यांनी ते कसं सांगितलं होतं, त्यातला एक शब्द उरलेला नाही. आज मला तेच हवे आहेत आणि मीच ते फेकले. लाज वाटली, म्हणून कळवते आहे.

तुम्हाला काही आठवत असेल तर मामींकडून लिहवून पाठवा. रागावला असाल तर तेही लिहा, पण लोभ कमी करू नका.

तुमची
टाचणी

२२ सप्टेंबर

चि. टाचणीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी वही मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. माझ्या भाचीचं काम म्हणून कौतुकाने दाखवली, आणि एकदाही वापरली नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. त्यानंतरच्या चिठ्ठ्या मात्र पत्र्याच्या डब्यांत घालून माळ्यावर ठेवल्या, तुझ्यापासून लपवून. तू यायची असलीस की वर गादी टाकायचो. सात डबे आहेत. (काल मी स्टुलावर चढून काढले. कंबर अजून दुखते. मामी.)

मी ते शब्द का जपले ते सांगतो. एकतर गिऱ्हाईकाला मशीन परत देताना त्याच्याच शब्दांत सांगितलं, तरच त्याला दुरुस्ती झाल्यासारखी वाटते. दुसरं म्हणजे त्या बोलण्यातच रोग असतो. मशीन खालून जंजाळ करते, असं कुणी सांगितलं की आपण खाली बघायचंच नाही. वरचा दोरा चुकीचा ओवलेला असतो. गुंता दिसतो खाली, दुखणं असतं वर. खाली खोलून बसणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले.

निम्म्या तक्रारी नाचता येईना अंगण वाकडं अशा असतात. पण म्हणून नाचणाऱ्याला हसायचं नाही. त्याला पाऊल दाखवायचं. डबे पार्सलने निघाले आहेत. या खेपेला शुद्ध करू नकोस.

तुझी काळजी नाही, घाई तेवढी करू नकोस. आशीर्वाद डब्यांबरोबर पाठवले आहेत.

मामा

१० डिसेंबर

ती. मामांस,
टाचणीचा सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही म्हणून मामी चिडल्या असतील. आधी त्यांच्या कंबरेची चौकशी करते.

सातही डबे फरशीवर ओतले आणि एकसारख्या तक्रारींचे ढीग लावले. झोपायची गादी भिंतीशी उभी करून ठेवावी लागली. सगळ्यांत मोठा ढीग, मशीन खालून जंजाळ करते. त्याच्या खालोखाल सुई सारखी तुटते, टाके सुटतात, पाय मारला तरी हलत नाही. मग ते शब्द एकेक करून फोनवर शोधायला घेतले. मामा, अर्धं लिहून होतंय तोवर पुढचे शब्द फोनच सुचवायला लागला. तुमच्या चिठ्ठीवरचेच. म्हणजे लोक अजून तेच बोलतात, फक्त तुमच्या टेबलापुढे उभं राहून बोलायच्या ऐवजी फोनला सांगतात. आणि उत्तर द्यायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

तीसच्या तीस लेख पुसले आणि नव्याने लिहिले. वर पाटी गिऱ्हाईकाच्या शब्दांची, खाली तुमचा उपाय, माझ्या सोप्या भाषेत. 'गुंता दिसतो खाली, दुखणं असतं वर' हे एकच पान काल तीनशेजणांनी वाचलं, आणि त्यांतलं माझ्या ओळखीचं कुणीही नाही. गेल्या महिन्याचं खोलीचं भाडं साइटने भरलं. जेवण अजून साठवणीतून चाललं आहे, पण पुढच्या दोन महिन्यांत तेही सुटेल असं दिसतंय.

एक चिठ्ठी सापडली ती सांगते. वर गिऱ्हाईकाच्या नावाच्या जागी तुम्ही 'ताई' लिहिलं आहे, आणि खाली, मशीन माझ्याशी नीट चालते, सुनेशी चालत नाही. आईचा आवाज कानात आला. मागच्या बाजूला तुम्ही लिहिलं आहे की मशीनमध्ये दोष नाही, ताई पाय मारायच्या आधी हाताने चाक स्वतःकडे फिरवते, सून एकदम पाय मारते, मग चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. आईला ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की आपण काही वेगळं करतो हे तिला माहीतच नसणार. हे तिने वहिनीला सांगितलं होतं का?

साधनात या वाक्यापुढचा आकडा शून्य आहे. सर म्हणाले, शून्याच्या शब्दावर वेळ घालवू नका, धंदा करायचा आहे ना? धंदाच करायचा आहे. तरी ते पान लिहिलं. अगदी आईच्या शब्दांत.

आता एकच उरलं. दादाला नाही म्हणायचं आहे, आणि माझी जीभ रेटत नाही. त्याने खोलीला पिवळा रंग दिला आहे, माझ्या आवडीचा. तरी नाहीच म्हणणार आहे. तुमचं पत्र येवो न येवो, माया पोचते, ती पोचत राहो.

तुमची
टाचणी

१९ डिसेंबर

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज कंस नाही, सगळं पत्रच माझं आहे. तुझे मामा तीन दिवस ते 'तीनशेजण' सगळ्यांना सांगत फिरत आहेत. दुकान बंद झाल्यापासून गप्प बसणारा माणूस काल गल्लीतल्या शिंपीणबाईंना सुया कशा तुटतात ते समजावत होता.

तू विचारलंस ते त्यांना विचारलं. म्हणाले, ताई चिठ्ठी वाचून खूप हसली आणि सुनेला सांगते म्हणाली. पुढच्याच महिन्यात ती आजारी पडली, ती उठलीच नाही. सांगायचं राहून गेलं असावं.

दादाला स्पष्ट सांग. भाऊ आहे, वाघ नाही.

तुझी
मामी

२८ डिसेंबर

चि. टाचणीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, पण हे फोनवर बोलता येणार नाही.

आईची मशीन आमच्याकडे चादरीखाली पडून असते, तुला माहीत आहे. वर्षातून एकदा तुझी वहिनी ती काढते, दोरा तुटतो, परत चादर घालते. रविवारी पडद्यांसाठी काढली आणि तेच झालं. वैतागून तिने फोनवर लिहिलं, मशीन सासूबाईंशी चालायची, माझ्याशी का चालत नाही. थोड्या वेळाने मला आतून मशीनचा आवाज आला. थांबत नव्हता. जाऊन बघतो तर ही शिवते आहे आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मला बघून तिने फोन पुढे केला.

त्या पानावरचं पहिलं वाक्य मी आईच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे. लिहिणाऱ्याचं नाव बघायची गरज पडली नाही. बाकीची पानंही वाचली, सगळी वाचली. वहिनी म्हणाली, बारा वर्षं तिला वाटायचं की त्या मशीनने तिला घरातलं मानलंच नाही. फक्त मशीनबद्दल नसावं वाटत ते.

तर ऐक. गोदामातली जागा काल एका निवृत्त पोस्टमनला दिली. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, कारण तू कचरत असशील आणि मी गळ घालीन, हे मला ठाऊक आहे. तू इथे आली असतीस तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. पण तुझं दुकान चालू आहे, आणि चालू दुकान बंद करून कुणी दुसऱ्याच्या नोंदी ठेवायला जात नाही.

पिवळी खोली तुझीच आहे. चार दिवसांसाठी ये, आणि चार दिवसांनी तुझ्या घरी परत जा. येताना आईची ती चिठ्ठी आण, दोऱ्यासकट. वहिनीला ती मशीनच्या चाकाला बांधायची आहे.

रागावू नकोस, आणि लोभ होता तसाच ठेव.

तुझा
दादा